वाढली न्हाई, फुटली

मनकर्णा कासारीण एका जागी निवांत बसली आहे, असं जवळ्याच्या बाजारात कुणी पाहिलेलं नाही. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक समोर असेल तेवढा वेळ ती मांडी घालते, तीही एक गुडघा वर ठेवून, उठायला सोपं पडावं म्हणून. गिऱ्हाईक उठलं की ही उठलीच. मग पेटी झटकेल, बांगड्यांच्या माळा इकडच्या खिळ्यावरून तिकडच्या खिळ्यावर टांगेल, काहीच सुचलं नाही तर शेजारच्या मिरचीवाल्याचा ढीग वरखाली करून देईल. नवरा व्यंकटराव म्हणतो, "हिच्या आईनं हिला पाळण्यात न्हाई, बैलगाडीच्या चाकावर निजवलं आसंल." ही कोटी तो लग्न झाल्यापासून करतो आहे आणि तिला अजूनही हसू येतं, हे त्या दोघांचं नशीब.

पण बांगड्या भरायला बाईचा हात हातात आला की मनकर्णाचे हात थांबतात. बाकीची मनकर्णा तिथंच चुळबुळत असते, हात मात्र देवळातल्या समईसारखे स्थिर. कासाराचं काम पाहिलं नसेल त्याच्यासाठी सांगायला हवं. बोटं एकत्र धरायची, अंगठा आत दुमडायचा आणि अंगठ्याच्या बुडाचं हाड दाबून वरून बांगडी सरकवायची. त्या हाडापाशी बांगडी आली की कुठलीही बाई "आई गं!" म्हणते. म्हणतेच. मनकर्णा त्या आवाजाची वाट बघत असते. आवाज आला की दाब जरा सैल करायचा, बांगडी अर्धी फिरवायची आणि पुढं ढकलायची. बसली बांगडी.

या "आई गं"च्या तऱ्हा तिनं ऐकल्या नाहीत अशा नाहीत. शिरड शहापूरला एक सासूबाई होत्या. त्या हाताला हात लागायच्या आधीच "मेले गं बया!" म्हणून ठणाणा करत. मनकर्णा म्हणायची, "आत्याबाई, अजून पेटी उघडली न्हाई मी." तर त्या हळूच म्हणत, "तू भर गं. आत सून हाय, तिला ऐकू जाऊ दे माझी तकलीफ." आणि एक नवी नवरी, माहेर सोडायचं म्हणून दिवसभर डोळ्यांत टिपूस नाही, ती पहिल्या बांगडीला "आई गं" म्हणाली आणि त्या नावानं जी रडायला लागली, ती चुडा पुरा होईपर्यंत. अख्खा मांडव डोळे पुसत बसला.

दुसरी एक गोष्ट या धंद्यातली. बांगडी फुटते, पण फुटली म्हणायचं नसतं. बांगडी वाढली म्हणायचं. घरोघर तसंच म्हणतात, पण कासाराच्या तोंडून "फुटली" हा शब्द गेला तर बायका उठून जातील. भरल्या हाताला अपशकुन. मनकर्णाच्या तोंडून इतक्या वर्षांत तो शब्द कधी गेला नव्हता.

तर संक्रांत जवळ आली होती. संक्रांतीला हातभर चुडा पाहिजे, म्हणून त्या आठवड्यात मनकर्णा वाड्यावस्त्यांवर फिरते. व्यंकटराव मोटारसायकलवर पुढं, मागं ही, हिच्या मांडीवर पेटी. औंढ्याच्या अंगाला, ओढ्यापलीकडं एक वाडी आहे. तिथं नरसिंगच्या ओसरीवर बसायचा तिचा रिवाज. ओसरी मोठी, ऊन चांगलं, सगळ्या वाडीच्या बाया तिथंच जमतात. नरसिंगची बायको देवला चहा करते.

यंदा चहा एका पोरीनं आणला. आठ-नऊ वर्षांची, कडेवर देवलाचं धाकटं लेकरू, दुसऱ्या हातात कपबशा. बशीतला चहा सांडला नाही, म्हणून बायांनी कौतुक केलं.

"कुणाची गं ही?" मनकर्णानं विचारलं.

"मोठ्या दिराची, प्रतिक्षा," देवला म्हणाली. "आईबाप कारखान्याकडं उसाला गेले. हिला इथं ठिवली, शाळा बुडू न्हाई म्हणून."

"मंग आज शाळेत काहून न्हाई गेली?"

"जाती की. आज घरी काम हाय." देवलानं विषय झटकला. "तिलाबी दोन घाला. सणाचं लेकरू हाय."

प्रतिक्षा समोर येऊन बसली. बसायच्या आधी तिनं घराच्या दाराकडं एकदा पाहिलं, मग हात पुढं केला. मनकर्णानं तो हातात घेतला आणि तिला कसंसंच झालं. लेकरांचे हात ओढ घेतात, बोटं ताठ होतात, हसतात, मागं सरकतात. हा हात पाण्यातून काढलेल्या फडक्यासारखा होता. जिकडं वळवाल तिकडं वळत होता. मनकर्णानं अंगठा दुमडला, बांगडी हाडापाशी आणली, आवाजाची वाट पाहिली. आवाज आला नाही. तिनं आणखी दाबलं. पोर गप्प. तिला वाटलं माप सैल आहे, म्हणून तिनं जोर लावला आणि बांगडी कट्‌दिशी तिच्याच बोटांत तुटली. पोरीच्या हाताला रक्ताची बारीक रेघ आली.

तरी "आई गं" नाही. उलट पोर घाईघाईनं म्हणाली, "वाढली. माझ्याच्यानंच वाढली. तुमी न्हाई केली."

"बघा की, किती गुणाची हाय!" एक बाई म्हणाली. "आमचं कार्टं सुई टोचली तर गाव गोळा करतंय."

"गुणाचीच हाय," देवला खाली बघत म्हणाली.

मनगटाच्या आतल्या बाजूला पिवळी पडलेली जुनी खूण होती, पाच बोटांनी पिरगाळल्यासारखी. मनकर्णानं ती पाहिली. तिनं मोठं माप काढलं, दोन बांगड्या हळूच बसवल्या आणि वर एक जास्तीची घातली. लहान लेकराला वरची एक बांगडी फुकट द्यायची कासाराची रीत आहे. पोरीनं रिवाजाप्रमाणे वाकून नमस्कार केला. पेटी बंद झाली, मोटारसायकल निघाली.

ओढ्याच्या पुलावर मनकर्णा ओरडली, "थांबवा गाडी!"

"काय पडलं?"

"खेमा," ती म्हणाली.

"खेमा कोण? इथं तर कुणीच न्हाई."

ती खाली उतरली आणि पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालायला लागली. व्यंकटराव गाडीवर बसून बघत राहिला. त्याला बायकोचा स्वभाव ठाऊक होता. तिच्या मागं पळण्यात अर्थ नसतो, ती परत येतेच.

खेमा म्हणजे तिच्या लहानपणीचा कासार. मनकर्णाची आई लवकर गेली, बापानं दुसरं घर केलं आणि ही मामाकडं वाढली. मामा गावात फार शहाणा माणूस, चार लोक त्याचा सल्ला घेत. घरात मात्र दूध उतू गेलं, पाणी सांडलं, म्हैस सुटली, की मामा हिचं मनगट धरून पिरगाळायचा. ओरडलं की आणखी पिरगाळायचा. म्हणून मनकर्णा ओरडायची विसरली. हातातल्या बांगड्या तुटून कातडीत रुतायच्या. मामी हळद लावायची आणि कानात सांगायची, "कुणी इचारलं तर वाढल्या म्हण." मामीनं कधी नवऱ्याचा हात धरला नाही, हळद मात्र वेळेवर लावली.

खेमा कासार सणाला यायचा. म्हातारा, गोड बोलणारा. त्यानं एकदा हिचा हात हातात घेतला, दाबला, थांबला. हिच्या तोंडाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मनकर्णाला अजून आठवतं, त्या वेळी तिला वाटलं होतं, हा आता बोलेल. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. मग त्यानं पेटीतून वरची एक बांगडी काढली, हिरवीगार, तिच्या हातात घातली, डोक्यावरून हात फिरवला आणि पेटी उचलून गेला.

"आमच्या खेमा कासाराला ठावं व्हतं," पुलावर थांबून मनकर्णा नवऱ्याला म्हणाली. "म्या जलमभर त्याला शिव्या घातल्या. आन् आज त्या पोरीच्या मनगटावर तसलीच खूण बघून म्या काय केलं? वरची एक घातली."

व्यंकटरावला मामाची गोष्ट माहीत होती. तो म्हणाला, "आपला धंदा वसरीवरचा हाय, मनू. या वसरीवरचं त्या वसरीवर नेलं, की कासारणीला कुणी चहाला इचारत न्हाई."

"ठावं हाय."

"दहा वाड्या बंद व्हतील."

"ठावं हाय म्हनलं ना!"

घरी आल्यावर तिनं भाकरी थापायला घेतली आणि अर्धी परात तशीच ठेवून अंगण झाडायला लागली. अंगण अर्धं झाडून बांगड्यांच्या माळा मोजायला बसली, आणि मोजता मोजता उठून दारात उभी राहिली. व्यंकटरावनं आपल्या हातानं दोन भाकरी थापल्या. त्यातली एक जळाली आणि दुसरी कच्ची राहिली. तो म्हणाला, "उद्या जा बाई त्या पोरीकडं. न्हाईतर म्या उपाशी मरतो."

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर ती एकटीच रिक्षानं वाडीवर गेली. निमित्त तयार होतं, काल पोरीला चुकीच्या मापाच्या बांगड्या गेल्या, बदलून द्यायच्या. नरसिंग शेतात हरभऱ्याला पाणी द्यायला गेला होता. देवला गोठ्यात होती. प्रतिक्षा ओसरीवर भांडी घासत होती, शाळेची वेळ टळून गेली होती.

मनकर्णानं पेटी उघडली आणि म्हणाली, "आज उलटं करू. तू कासारीण, म्या गिऱ्हाईक. भर माझ्या हातात."

पोरीनं दाराकडं पाहिलं. मग ओले हात झग्याला पुसले आणि मनकर्णाची बोटं धरली. बांगडी हाडापाशी येते न येते तोच मनकर्णा बोंबलली, "आई गं! मेले! जीव घेतला गं कासारणीनं!"

पोर दचकून मागं सरली. मनकर्णानं डोळा मारला. पोरीच्या तोंडावर हसू येऊ का नको असं झालं आणि शेवटी आलं.

"हे बघ," मनकर्णा म्हणाली, "ओरडल्याबिगर बांगडी बसतच न्हाई. आमच्या धंद्याचा नेमच हाय. काल तू ओरडली न्हाईस, म्हणून मला कळलं न्हाई, म्या दाबत ऱ्हायले. दुखलं ना?"

पोरीनं मान हलवली.

"मंग काहून न्हाई बोललीस?"

बराच वेळ ती बांगडीशी खेळत राहिली. मग अगदी साध्या आवाजात, भांडी कुठं ठेवायची ते सांगावं तसं म्हणाली, "वरडलं का काका लई मारतो. मंग जेवू देत न्हाई. लेकरू रडलं तरी माझ्यावरच." पुढं म्हणाली, "तुमी कुणाला सांगू नका."

इथं मनकर्णाला खोटं बोलणं सोपं होतं. "न्हाई सांगत गं बाई" असं म्हणून डोक्यावरून हात फिरवला असता तर पोर तेवढ्यावर निजली असती. तिच्या मामीनं, तिच्या खेमानं तेच केलं असतं.

"म्या सांगनार हाय," ती म्हणाली. "तुझ्याशी लबाडी न्हाई करत. आंगणवाडीच्या ताईला सांगनार. तुझा काई कसूर न्हाई. बांगडीबी तू वाढवली न्हाईस. समजलं?"

पोरीचं तोंड उतरलं. तिला राग आला होता, आणि तो राग बघून मनकर्णाला उलट बरं वाटलं. हात फडक्यासारखा राहिला नव्हता, मूठ वळली होती.

अंगणवाडीच्या ताईचं नाव प्रियंका. तरुण मुलगी, वाडीचीच सून. तिनं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "मावशी, माझाबी डोळा व्हता तिच्यावर. पन म्या गावची सून. माझं घर त्यांच्या घराला लागून."

"माझी पेटी त्यांच्या वसरीवर असती," मनकर्णा म्हणाली. "तू एकटी बोललीस तर तू वाईट, म्या एकटी बोलले तर म्या चोंबडी. दोघी मिळून बोलू. लाव तो नंबर."

अंगणवाडीच्या भिंतीवर पोपटाच्या चित्राखाली लेकरांच्या मदतीचा तो फुकटचा नंबर रंगवलेला होता, दहा नऊ आठ. लेकरं रोज तो घोकायची, पण त्या भिंतीवरून तो फोनमध्ये पहिल्यांदाच त्या दिवशी गेला. प्रियंकानं लावला. पलीकडच्या बाईनं नाव, गाव, पोरीचं वय विचारलं. मनकर्णा उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली आणि मधूनच ओरडून फोनमध्ये सांगत राहिली, "आन् तिला म्हणावं पोरीला आधी जेवू घाला!"

हिंगोलीहून त्या नंबरवाल्यांची गाडी आली. पोरीशी बाजूला बसून बोलणं झालं, दवाखान्यात हात तपासला. आईबापांना कारखान्यावर निरोप गेला. तोवर पोरीला सरकारी निवाऱ्यात नेलं. नरसिंगला पोलीस ठाण्यात बोलावून अटक केली आणि तो जामिनावर सुटून परत आला. वाडीत एकच बोलणं झालं, कासारणीनं घर फोडलं.

मनकर्णाला झोप लागेना, जेवण जाईना. पोरगी निवाऱ्यात रडत असेल का, आई येईल का, का येऊन दिराचीच बाजू घेईल? आई म्हणाली, "घरातलं घरात मिटवा," तर? मग ती पोर परत त्याच ओसरीवर. व्यंकटरावला ती तेच तेच विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आधी उठून जायची.

संक्रांतीच्या आधीचा जवळ्याचा बाजार भरला. पेटीपुढं बायांची रांग होती. तेवढ्यात गर्दीतून नरसिंग आला. पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं. चारचौघांत वजन असलेला माणूस, अगदी मामासारखा.

"काय हो कासारीणबाई," तो मोठ्यानं म्हणाला, "आमचा चहा प्यायच्या आन् आमच्याच घराला आग लावायच्या? लेकराला वळण लावू नये का मानसानं? जरा हात धरला तर कायदा? एक बांगडी वाढली तर पोलीस?"

बाजार थांबला. मिरचीवाल्यानं तराजू खाली ठेवला. व्यंकटराव उठून पुढं झाला, पण मनकर्णानं त्याला हातानं मागं सारलं. तिच्या हातात एका बाईचा हात होता, बांगडी अर्धी गेलेली. तिनं ती नीट पुढं बसवली, बाईचा हात तिच्या मांडीवर ठेवला आणि उभी राहिली.

"वाढली न्हाई," ती म्हणाली. "फुटली."

रांगेतल्या बायांनी तोंडाला पदर लावले. एकजण म्हणाली, "आगं बया, सणाच्या दिसात!"

"फुटली!" मनकर्णा आणखी मोठ्यानं म्हणाली. "पोरीच्या हातातली तू फोडलीस. माझ्या हातातल्या माझ्या मामानं फोडल्या. आमी वाढल्या म्हणत ऱ्हायलो आन् तुमचं वजन वाढत ऱ्हायलं. ज्या बाईला इटाळ वाटत आसंल तिनं उठून जावं. शब्द म्या बोलले, बराबर बोलले."

दोन बाया उठून गेल्याही. हे लपवायचं कारण नाही. एक तर जाता जाता थुंकली. नरसिंग काहीतरी बोलणार, तर रांगेतली एक म्हातारी त्याला म्हणाली, "बाजूला व्हय रे बाबा. बायांच्या रांगेत काय करून राहिला? तुला चुडा भरायचा का?" बाजार हसला. माणूस मारापेक्षा असल्या हसण्यानं लवकर जातो. नरसिंग उपरणं झटकत निघून गेला.

आणि त्या गडबडीत मागं कोण उभं होतं, तर उसाच्या फडातून आलेली एक बाई. पायांत भेगा, लुगड्याला उसाची पानं अजून चिकटलेली. प्रतिक्षाची आई. एसटीतून उतरून ती हिंगोलीला जायची गाडी बघत होती, तर दिराचा आवाज ऐकून थांबली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती मनकर्णापाशी आली आणि तिनं मनकर्णाचा हात धरला. म्हणाली, "म्या लेकीला चांगलं घर म्हणून ठिवलं व्हतं हो."

मनकर्णानं पेटी तशीच व्यंकटरावच्या अंगावर टाकली आणि तिच्याबरोबर हिंगोलीच्या गाडीत चढली. ऐन संक्रांतीचा बाजार व्यंकटरावनं सांभाळला. बायकांच्या बांगड्या त्यानं कशा भरल्या, ती कहाणी जवळ्याला अजून सांगतात, पण ती इथं नको.

सरकारी बालकल्याण समितीपुढं आईनं दिराची बाजू घेतली नाही. प्रतिक्षाला डोंगरकड्याला आजीकडं ठेवायचं ठरलं. आजीचं नाव भिकाबाई, केळीच्या बागेत मजुरी करते. तोंडानं फटकळ, मनानं मऊ. समितीनं धाडलेल्या हिंगोलीच्या एक बाई अधूनमधून येतात, पोरीबरोबर चित्रं काढत बसतात. पहिले काही महिने पोरगी ताटात भाकरी उरवून उशाखाली ठेवायची. भिकाबाई रागावली नाही, रोज सकाळी ती शिळी भाकरी काढून ताजी ठेवायची. आता पोरगी भाकरी ठेवत नाही म्हणे. नरसिंगची केस चालू आहे.

ओढ्यापलीकडच्या वाडीवर मनकर्णाला पुढं चहा मिळाला नाही. आजूबाजूच्या काही ओसऱ्याही बंद झाल्या. पण एकदा बाजारात देवला आली, एकटी. हात पुढं केला, आणि मनकर्णानं तो घेतला तेव्हा तिला कळलं की हाही हात फडक्यासारखाच आहे. आजवर आपण तो किती वेळा हातात घेतला होता! देवला हळूच म्हणाली, "पोरगी कशी हाय?" मनकर्णा म्हणाली, "बरी हाय. तू कशी हायस?" देवलानं हात मागं घेतला नाही. मनकर्णा आता त्या हाताच्या काळजीनं अस्वस्थ असते. एक मिटली की दुसरी.

नागपंचमीच्या आधी ती डोंगरकड्याच्या बाजाराला गेली. मांडी घालून बसली, एक गुडघा वर. रांगेतून भिकाबाई नातीला घेऊन आली. प्रतिक्षा उंच झाली होती, वेण्या घट्ट बांधलेल्या. तिनं कुणाकडं न बघता हात पुढं केला. मनकर्णानं तो घेतला, बोटं जुळवली, अंगठा दुमडला, बांगडी हाडापाशी आणली आणि थांबली.

"आई गं!" पोर किंचाळली. "केवढं दाबता वो! ढिलं धरता येत न्हाई का?"

"आगं कशी बोंबलती ही पोर," मागची एक बाई म्हणाली. "हात लावू देईना मानसाला."

"बोंबलू द्या," मनकर्णा म्हणाली आणि दाब सैल केला, बांगडी अर्धी फिरवली. बांगडी बसली. पोरगी दुसऱ्या बांगडीलाही ओरडली, तिसरीला तर उगाचच, आणि प्रत्येक वेळी मनकर्णा हात सैल करत राहिली.